नाव डिप्लोमसी अन् तहाचा नियमच नाही!

आधीच सांगतो, सात जण अन् अख्खा रविवार मोकळा असल्याशिवाय हा बोर्डगेम मागवू नका. खोक्यावर दोन ते सात लिहून आहे, पण चौघांत खेळून पाहिला तर अळणी वाटला. मग मे महिन्यात मनीषनगरच्या फ्लॅटवर कूलरसमोर सात डोकी बसवली तेव्हा कुठे समजलं की हा काय प्रकार आहे.

गेम तसा जुना, ॲलन कॅलहॅमर नावाच्या अमेरिकन माणसानं १९५९ मधे स्वतःच ५०० प्रती छापून काढल्या होत्या. १९०१ चा युरोप, सात सत्ता, फासे नाही, पत्ते नाही. सैन्य असो की आरमार, प्रत्येकाची ताकद एकच, त्यामुळे एकास एक भिडले की दोघंही जागच्या जागी, अन् पुढं सरकायचं तर कोणाचा तरी सपोर्ट (बाजूच्या तुकडीनं जागेवरूनच दिलेली जास्तीची ताकद) पाहिजे, तो शेजाऱ्याकडून मागायचा म्हणजे आली बोलणी. पहिल्या चालीआधी अर्धा तास, नंतर दर वेळी पंधरा मिनिटं. कोणी गॅलरीत, कोणी किचनमधे, दोघं तर चपला घालून खाली पानठेल्यावर गेले! मग सगळे गुपचूप चिठ्ठीवर ऑर्डर लिहितात अन् एकदमच उघडतात.

आता मुख्य मुद्दा. बाकी कितीतरी वॉरगेममधे तह केला की अमुक इतके टर्न हल्ला करता येत नाही, मोडला तर दंड, असं काहीतरी असते. इथं तसलं काहीच नाही. काय वाट्टेल ते कबूल करा, कागदावर सही करून द्या, चिठ्ठीत जे लिहिलं तेच खरं.

मी ऑस्ट्रिया, माझा साळा इटली. माझं ट्रिएस्ट अन् त्याचं व्हेनिस अगदी खेटून, दोन सत्तांच्या घरातली केंद्रं (ज्यांच्या मोजणीवर जिंकणं ठरते ते प्रांत) अशी चिकटलेली अख्ख्या नकाशावर दुसरी नाहीत. तो म्हणाला व्हेनिसमधून हलत नाही, अन् वसंतात, म्हणजे वर्षाच्या दोन चालींतल्या पहिलीत, खरंच नाही हलला. मी खूश, ट्रिएस्टचं आरमार अल्बानियात नेलं होतं ते शरदात ग्रीसवर सोडलं, व्हिएन्नाचं सैन्य रशियाला अडवायला गॅलिशियाकडे, ट्रिएस्ट रिकामं. चिठ्ठ्या उघडल्या तर साळा ट्रिएस्टमधे.
“काहून बे?”
“भाऊजी, एक चाल नाही हललो ना मी?”
बायको आतून हसून राह्यली होती.

तसं आपल्या नागपुराला हे काही नवीन नाही म्हणा, मे १८१६ मधे आप्पासाहेब भोसल्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला अन् नोव्हेंबर १८१७ मधे त्याच इंग्रजांशी सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली. रोज मेट्रोतून ती टेकडी दिसते तरी मला अक्कल नाही आली.

पण शांततेचा एक रस्ता नियमात आहे, अन् मला सगळ्यात भारी तोच वाटला. ३४ केंद्रांपैकी १८ घेतली की जिंकला, पण त्याआधी उरलेले सगळे राजी झाले तर ड्रॉ करता येते, अन् त्यात वाटा सारखाच, केंद्रं किती का असेना. रात्री साडेआठला तुर्कस्तान १४, फ्रान्स ११, इंग्लंड ७ अन् मी फक्त २! तुर्कस्तानला पुढं वाटच नव्हती, आम्ही तिघांनी एकमेकांना सपोर्ट देऊन भिंत बांधलेली, अन् तिच्यात माझी दोन सैन्यं नेमकी मोक्याला. त्यामुळे मला मारणं फ्रान्सला परवडत नव्हतं. शेवटी ड्रॉ, चौघांत सारखा. साळ्याचा इटली केव्हाच साफ होऊन तो तर्री वाढत होता.

हाच गेमचा मोठा दोषही आहे, लवकर मेलेल्या माणसानं पुढचे चार तास करायचं काय? त्यात सपोर्ट कसा तुटतो ते नियमपुस्तक तीनदा वाचून डोक्यात शिरते, एकानं आधी नीट वाचून ठेवावं. विकणाऱ्यानं खोकं कोपऱ्यात चेपलेलं पाठवलं, पण आतला नकाशा ठीक होता.

पाचातले चार. भांडकुदळ नातेवाईक असतील तर साडेचार. साळा पुढच्या वेळी तुर्कस्तान मागून राह्यला, मी म्हटलं चिठ्ठी काढू.