झोपवून काढलेला एक्स-रे आणि ७२,९०० रुपये

एसएसबीतून, म्हणजे सैन्यातल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीतून, रेकमेंड झालेल्या पोराला मेडिकल बोर्डाने 'डॉर्सल स्कोलिओसिस', म्हणजे वरच्या पाठीत कणा बाजूला वाकलेला, असं लिहून अनफिट केलं की अपील मेडिकल बोर्डासाठी हातात ४२ दिवस उरतात. काही लोकांचं पोट याच ४२ दिवसांवर चालतं. 'मेडिकल करेक्शन'चं दुकान थाटून बसलेल्या अशाच एका सेंटरने माझ्या भाच्याच्या पाठीच्या नावावर ७२,९०० रुपये उकळले. भरतीची तयारी करून घेणं हे माझं रोजचं काम. मेडिकलचे निकष पोरांना मीच समजावतो. म्हणून लिहिताना लाज वाटते आहे, पण हे लोक अजून दुकान उघडून बसलेत.

हिशेब असा. उपचाराच्या ३० सिटिंगचे २८,००० रुपये. पट्टा ७,५००. दोन एक्स-रे, प्रत्येकी १,२०० प्रमाणे २,४००. आणि 'अपील फाइल व स्पेशालिस्ट ओपिनियन' म्हणून ३५,०००. या शेवटच्या आकड्याने अजून अंगाचा तिळपापड होतो. अपील बोर्डाची सरकारी फी ४० रुपये आहे, मिलिटरी रिसीव्हेबल ऑर्डरने (सैन्याकडे पैसे भरायच्या चलनाने) स्टेट बँकेत भरायची. उमेदवार स्वतः भरतो, एजंट लागत नाही. मला हे माहीत होतं. पण ३५,००० तज्ज्ञाच्या मताचे आहेत असं ते म्हणाले आणि मी मान डोलावली.

आता त्यांची हातचलाखी ऐका. पहिला एक्स-रे उभ्याने काढला, कॉबचा कोन, म्हणजे फिल्मवर मोजलेला कण्याचा वाक, १९ अंश. पस्तिसाव्या दिवशी दुसरा काढला, १२ अंश! निकषांत वरच्या पाठीला १५ अंशांपर्यंत आणि कमरेला १० अंशांपर्यंत वाक चालतो, तोही कसलाही त्रास नसेल, खांदे समान असतील, हालचाल पूर्ण असेल आणि पुढे वाकल्यावर पाठ सरळ होत असेल तर. त्यामुळे १२ आकडा बघून घरात पेढे आले. आणि मी दारात उभा असताना, माझ्या देखत, टेक्निशियन त्याला म्हणाला होता, "झोप टेबलावर." तिथेच मी ओरडायला हवं होतं. माणूस आडवा झाला की कण्यावरचा शरीराचा भार उतरतो आणि वाक आपोआप काही अंशांनी कमी दिसतो. त्यात उपचाराचा काडीचा संबंध नाही.

नंतर दोन्ही फिल्म खिडकीला लावून पाहिल्या. पहिलीत डाव्या बरगड्यांखाली जठरातल्या हवेचा काळा फुगा होता आणि त्याच्या तळाला फूटपट्टीने ओढल्यासारखी आडवी रेघ. पोटातलं पाणी खाली आणि हवा वर, म्हणजे माणूस उभा. दुसऱ्या फिल्ममध्ये ती रेघच नाही. कोपऱ्यात 'इरेक्ट' हा शब्दही नाही. ती रेघ ओळखायला डॉक्टर व्हावं लागत नाही. मी फिल्म त्याच दिवशी नीट बघितली नाही, आणि ही सल जात नाही.

एक्स-रे काढायचा तर उभ्याने, अनवाणी, दोन्ही पायांवर सारखा भार टाकून, आणि फिल्ममध्ये मानेपासून खुब्यापर्यंत पूर्ण कणा आला पाहिजे. रिपोर्टमध्ये कोणत्या मणक्यापासून कोणत्या मणक्यापर्यंत कोन मोजला ते लिहून घ्या. नुसता आकडा काही कामाचा नाही. मणके बदलले की कोन बदलतो, आणि एकाच फिल्मवर दोन जाणकारांच्या मोजणीतही ३ ते ५ अंशांचा फरक पडू शकतो. म्हणूनच १६-१७ आलेल्याने ४० रुपये भरून अपील करावंच. तिशीच्या घरातला आकडा असेल तर कोणी काहीही सांगो, खिशात हात घालू नका.

पट्ट्याचं सांगतो. स्कोलिओसिसचा पट्टा हाडांची वाढ चालू असतानाच उपयोगी, आणि तेव्हाही त्याचं काम वाक वाढू न देणं एवढंच. वाढ किती उरली ते कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवरून, रिसर ग्रेडने कळतं. यांच्या एकाही फिल्ममध्ये ती कड पूर्ण आलेली नव्हती. तरी पट्टा विकला! अठरा-एकोणिसाव्या वर्षी बहुतेकांची वाढ संपलेली असते. वाक खरा आहे की स्नायू आखडल्यामुळे किंवा एक पाय आखूड असल्यामुळे दिसतोय, ते आधी बघायचं असतं. पाय जुळवून, गुडघे ताठ, तळहात जोडून पुढे वाकायला सांगा आणि मागून बघा. एका बाजूच्या बरगड्या उंच दिसल्या तर हाडातच पीळ आहे, आणि व्यायामाने तो निघत नाही. एका बाजूचं सॅक्रलायझेशन (कमरेचा शेवटचा मणका खालच्या त्रिकास्थीला जुळणं), वेज मणका (पाचरीसारखा मणका), स्पॉन्डिलोलिस्थेसिस (एक मणका दुसऱ्यावरून सरकणं), हे तर जन्माचं किंवा हाडाचंच. त्यावर 'सिटिंग' विकणारा सरळ लुटारू समजा.

अपील बोर्डाने स्वतःचा एक्स-रे काढला, उभ्याने. १८ अंश. बोर्ड बाहेरच्या रिपोर्टवर निकाल देत नाही, त्यामुळे ३५,००० ची फाइल कोणी उघडलीही नाही. त्यापुढचा रिव्ह्यू बोर्ड हक्काने मिळत नाही, आर्म्ड फोर्सेस मेडिकल सर्व्हिसेसचे महासंचालक प्रकरण बघून मंजुरी देतात. आमचं मंजूर झालं नाही.

'अक्कल गहाण ठेवली होती का' म्हणणाऱ्यांना एवढंच सांगतो, पाच दिवस एसएसबी देऊन आलेलं पोर रात्री झोपत नसताना आकडेमोड सुचत नाही. भिंतीवर कॅडेट्सचे फोटो होते, पावतीवर 'मनी बॅक'चा शिक्का होता.

आणि पोलीस! पहिल्या ठाण्यात म्हणाले, सेंटर आमच्या हद्दीत नाही. दुसऱ्या ठाण्यात म्हणाले, ही दिवाणी बाब आहे. तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. एकाने तर मलाच विचारलं, "मेडिकल सेट करायला गेला होता ना?" अहो, उपचाराचे पैसे दिलेत, लाच नाही! मेडिकल कौन्सिलकडे गेलो, तर म्हणाले, सेंटरचा तो माणूस आमच्याकडे नोंदलेलाच नाही, म्हणून कारवाई करता येत नाही. म्हणजे बोगस आहे म्हणूनच मोकळा! हद्दीचं कारण सांगून परत पाठवत असतील तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारी तक्रार, मागा, १ जुलै २०२४ पासून ते कायद्यातच आहे. तरी नाही घेतलं तर लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवा आणि पोचपावती जपा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. मी तो केला नाही, पैसे एकाच्या वैयक्तिक खात्यावर यूपीआयने गेले होते आणि मी पावतीची वाट बघत बसलो. पावती आली ती 'वेलनेस सेवा' म्हणून. उपचार हा शब्दच नाही तिच्यावर.

आता ग्राहक आयोगात तक्रार टाकली आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही, मुदत दोन वर्षांची. दोन्ही फिल्म जोडल्या आहेत, जठरातल्या त्या रेघेभोवती लाल पेनने गोल करून. अशा कुठल्याही सेंटरची फिल्म घरात असेल तर रद्दीत देऊ नका, आधी उजेडात धरून ती रेघ शोधा.