प्रेसचं घर झालं, काचेचा मात्र पस्तावा

बंद पडलेल्या छापखान्याचं घर करून घेतलं, राहायला येऊन वर्ष होत आलं, म्हणून आता लिहितेय. ज्या फर्मने डिझाइन आणि काम केलं तिचं नाव टाकत नाही कारण काचेवरून भांडण अजून चालू आहे. पाचपैकी साडेतीन स्टार, आणि ते साडेतीन जवळजवळ सगळे पहिल्या दोन महिन्यांचे.

पहिल्या मीटिंगला त्यांनी रिकार्डो बोफिल या स्पॅनिश आर्किटेक्टच्या घराचे फोटो दाखवले, बार्सिलोनाजवळची बंद सिमेंट फॅक्टरी 1973 मध्ये त्याच्या नजरेत भरली आणि त्याने तिचं घर-ऑफिस केलं, सायलोंसकट, म्हणजे सिमेंट साठवायच्या उंच टाक्यांसकट. नवरा तिथेच गारद. मी म्हटलं अहो आपल्याकडे सायलो नाहीत, शाईने माखलेला कोबा आहे आणि मागे गळके पत्रे आहेत.

पण नंतर त्यांनी डिझाइनच्या आधी बिल्डिंग तपासली, आणि हे काम खरंच एक नंबर. कॉलमला भोक पाडून आत कसलंतरी लिक्विड फवारलं, काँक्रीट धड असेल तर गुलाबी होतं, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने मेलेलं असेल तर रंगच येत नाही आणि मग आतल्या सळया गंजायला मोकळ्या. आमचे मागचे दोन कॉलम बिनरंगाचेच राहिले. वरून प्लास्टर एकदम टकाटक होतं हां, आम्ही तर थेट रंगच मारला असता! नवऱ्याला हॉल मोकळा हवा म्हणून मधला बीम काढायचा होता, त्याला स्वच्छ नाही म्हणाले. तीनदा विचारलं, तीनदा नाही. तेव्हा राग आला होता, आता वाटतं पैसे त्या नकाराचेच दिले.

दुसरा नकार बाथरूमचा. मला पुढच्या बेडरूमला अटॅच्ड हवं होतं, ड्रेनेजची लाइन मागच्या कोपऱ्यात. त्यांनी कागदावर गणित मांडलं, 40 ला 1 ढाळ धरला तर 8 मीटरला 20 सेंटीमीटर उतार, वर 10 सेंटीमीटरचा पाइप, म्हणजे फ्लोअर फूटभर उचला आणि बेडरूममधून पायरी चढून बाथरूमला जा. गप बसले. आता दोन्ही बाथरूम मागे एकाच भिंतीला पाठ लावून आहेत, रात्री चालावं लागतं, पण तुंबलं एकदाही नाही.

मधल्या भागाचंही डोकं चांगलं लावलं. असल्या बिल्डिंगा खोल असतात, खिडक्या फक्त पुढेमागे, आणि उजेड खिडकीच्या उंचीच्या दोन-अडीच पटीपर्यंतच आत येतो, पुढे दिवसासुद्धा लाइट. म्हणून मधे स्टोअर आणि कपाटं टाकली आणि जिन्यावर वरून काच दिली. मागचे पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे निघाले, ते फोडायचे नसतात कारण धूळ फुप्फुसात जाते, तर ओले करून अख्खेच्या अख्खे उतरवणारी वेगळी टीम आणली.

आता रडगाणं. टाइल्स. कोब्यात वर्षानुवर्षं मशीनचं तेल मुरलेलं, तो वरचा थर खरवडून काढल्याशिवाय अ‍ॅढेसिव्ह धरत नाही, हे फर्मच्या रिपोर्टमध्ये लिहिलेलं होतं, लिहिलेलं! तरी त्यांच्याच माणसांनी नुसतं धुऊन टाइल्स चिकटवल्या आणि तिसऱ्या महिन्यात टकटक केलं तर पोकळ आवाज. परत उखडून घालून दिल्या, फुकट, पण आम्ही पंधरा दिवस पोटमाळ्यावर. ऑफिसातला माणूस हुशार आणि साइटवरचा सुपरवायझर रिपोर्ट वाचत नाही, हा यांचा मोठा प्रॉब्लेम.

आवाजाचं तर कोणी बोललंच नाही. 14 फूट उंची, उघडं काँक्रीट, उघड्या विटा, सगळं कडक, आवाज शोषायला काहीच नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून हाक मारतात ती हॉलमध्ये दोनदा ऐकू येते आणि टीव्हीचे डायलॉग कळत नाहीत. जाड पडदे, गालिचा आणि एक अख्खी भिंत पुस्तकांनी भरली तेव्हा जरा बरं झालं.

आणि ती काच. शटरच्या जागी भिंतभर काच, पश्चिमेला. बीमला नाही म्हणणाऱ्यांनी इथे का नाही म्हटलं नाही? कारण वेबसाइटवर फोटो त्याच काचेचा आहे, माझा तर तसाच संशय. दुपारी चारनंतर हॉलमध्ये बसवत नाही. आतून पडदे लावा म्हणाले, अहो ऊन काचेतून आत आल्यावर पडदा काय करणार, गरमी आतच राहते ना, सावली बाहेरून पाहिजे. बाहेरून फिरत्या पट्ट्या लावायच्या तर आता ते एक्स्ट्रा काम म्हणतात आणि मी म्हणते डिझाइनची चूक. कोटेशन आलंय, मी सही केलेली नाही, आणि सध्या तिथे छापखान्याची जुनी ताडपत्री बांधलीये.