मांसाऐवजी काय? पर्याय शेजारी शेजारी ठेवून पाहू

घरात मांस कमी करायचं ठरलं की पुढचा प्रश्न लगेच येतो: मग त्याजागी काय? बहुतेक जण याचं उत्तर चवीत शोधतात. मांसासारखं काय लागतं, कशाचे तसेच धागे सुटतात, जेवणाऱ्याला फरक कळेल का. पण मांस ताटात नुसती चव आणत नाही. ते प्रथिनं देतं, लोह देतं, बी-१२ देतं, दाताखाली चावायला काहीतरी देतं आणि सबंध रश्श्याला खमंगपणा देतं. ही सगळी कामं एकट्याने करणारा पर्याय नाही. त्यामुळे तुमच्या घरात मांस मुख्यतः कोणतं काम करतंय आणि ते कोणाकडे सोपवायचं, हे आधी ठरवा. निवड त्यातून आपोआप सोपी होते.

आधी कोणतं मांस कमी करायचं?

कारण आरोग्याचं असेल तर सुरुवात सॉसेज, सलामी, हॅम, बेकन यांच्यापासून करावी, असं मी ठामपणे म्हणेन. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ साली प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं, आणि लाल मांस 'बहुधा कर्करोगकारक' या गटात. रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस पोटात गेलं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका साधारण १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. पहिला गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. तंबाखूही त्याच गटात आहे म्हणून सॉसेज तंबाखूइतकं घातक ठरत नाही. तरीही रोजच्या डब्यातून पहिल्यांदा काय काढायचं याचं उत्तर यातून मिळतं.

कारण पर्यावरणाचं असेल तर हिशेब बदलतो. २०१८ साली जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक या संशोधकांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून अन्नाचा पर्यावरणावरचा भार मोजला. १०० ग्रॅम प्रथिनांमागे किती हरितगृह वायू सुटतात ते पाहिलं तर मांसासाठीच पाळलेल्या गुरांच्या गोमांसाला सरासरी ५० किलो, बोकड-मेंढीच्या मटणाला २०, चीजला ११, चिकनला जवळपास ६, अंड्यांना ४, टोफूला (सोयाच्या दुधाच्या पनीराला) २ आणि कडधान्यांना १ किलोच्याही आत. यातला चीजचा आकडा नीट पाहा. पर्यावरणासाठी म्हणून चिकन बंद केलं आणि त्याजागी सगळीकडे चीज घातलं, तर भार कमी व्हायच्या ऐवजी वाढतो. उलट गोमांसाऐवजी आठवड्यातून दोन वेळा चिकन घेणाऱ्या घरानेही मोठी मजल मारलेली असते. सगळं सोडणं किंवा काहीच न सोडणं, एवढे दोनच मार्ग नाहीत.

प्रथिनांच्या तराजूत

शिजवलेल्या १०० ग्रॅम चिकनच्या छातीच्या मांसात सुमारे ३० ग्रॅम प्रथिनं असतात. तेवढ्याच शिजवलेल्या मसुरात ९, छोल्यांत तेवढीच किंवा किंचित कमी. घट्ट टोफूत १२ ते १७, आंबवलेल्या सोयाबीनच्या टेंपेत १९-२०. अळंबीत म्हणजे मशरूममध्ये फक्त ३ आणि कच्च्या फणसात त्याहूनही थोडी.

हे आकडे पाहून घाबरायचं कारण नाही. निरोगी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८ ग्रॅम प्रथिनं पुरतात. ६० किलोच्या माणसाला दिवसाला ४८ ग्रॅम. रोज मांस खाणारी माणसं सहसा याच्या बरीच पुढे असतात, त्यामुळे मांसातलं प्रत्येक ग्रॅम भरून काढायची गरज नसते. धान्य, कडधान्य, थोडं दूध किंवा अंडं एवढ्यावर हा आकडा गाठता येतो. प्रथिनं अमिनो आम्लांची बनलेली असतात. धान्यात त्यातलं लायसीन कमी असतं, कडधान्यात मेथिओनीन कमी असतं. दोन्ही दिवसभरात पोटात गेली की झालं, एकाच घासात यायला हवीत असं काही नाही.

कडधान्यं की सोया?

खरी तुलना या दोघांतच आहे, कारण रोज परवडणारे आणि सगळीकडे मिळणारे पर्याय हेच.

कडधान्यांची जमेची बाजू मोठी आहे: स्वस्त, वर्षभर टिकणारी, तंतुमय पदार्थांनी भरलेली. मांसात तंतू अजिबात नसतात, त्यामुळे हा निव्वळ फायदा. अडचण पोटाची. रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा आपल्या लहान आतड्यात पचत नाहीत. मोठ्या आतड्यातले जीवाणू त्या आंबवतात आणि गॅस होतो. रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यायचं, ताज्या पाण्यात शिजवायचं आणि प्रमाण हळूहळू वाढवायचं. ज्या घरात कडधान्य क्वचित शिजतं तिथे पहिल्याच आठवड्यात रोज राजमा केला तर सगळे त्याला कायमचा रामराम ठोकतील. राजम्याबाबत आणखी एक गोष्ट गंभीरपणे घ्या. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन हे प्रथिन विषारी असतं आणि ते घालवायला निदान १० मिनिटं खळखळती उकळी लागते. मंद आचेच्या भांड्यात थेट टाकलेला राजमा वरून मऊ दिसला तरी बाधू शकतो. आधी उकळा, मग मंद आचेवर न्या. प्रेशर कुकरमध्ये ही काळजी राहत नाही.

सोया चंक्सचं गणित वेगळं. तेल काढून उरलेल्या सोयापिठापासून ते करतात आणि कोरड्या चंक्समध्ये १०० ग्रॅममागे ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. पाकिटावरचा हा आकडा पाहून भुलू नका, कारण भिजल्यावर वजन जवळपास तिप्पट होतं. तरी माणशी ३० ग्रॅम कोरडे चंक्स घेतले की १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, आणि एवढ्या कमी कष्टात ती दुसरीकडे मिळत नाहीत.

'सोयाला वास येतो' ही तक्रार खरी असते, पण ती बहुतेकदा घाईने केल्यामुळे येते. पाण्याला उकळी आणून मीठ घाला, चंक्स टाका, आच बंद करून १० मिनिटं झाका. मग पाणी ओता, गार पाण्यात धुवा आणि मुठीत धरून घट्ट पिळा. पुन्हा धुवा, पुन्हा पिळा. पहिलं पाणी पिवळसर, फेसाळ येतं आणि तो कच्चा वास त्यातच निघून जातो. दुसऱ्यांदा पाणी जवळजवळ स्वच्छ दिसलं पाहिजे. पिळणं कंटाळून अर्ध्यावर सोडू नका. पाण्याने भरलेल्या चंकमध्ये मसाला शिरायला जागाच नसते, मग रस्सा झणझणीत आणि चंक आतून पांचट. पिळून कोरडे झालेले चंक्स मीठ, आंबट आणि मसाल्यात अर्धा तास ठेवा आणि रश्श्यात टाकण्याआधी थोड्या तेलावर कडा लालसर होईपर्यंत परता. मांसाला जो भाजका खमंगपणा येतो तो याच परतण्यातून येतो.

टोफू कॅल्शियम सल्फेटने गोठवलेला असेल तर कॅल्शियमही देतो, म्हणून घटकांची यादी वाचून घ्या. त्याचा बुळबुळीतपणा नको वाटत असेल तर पाकीट रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, पूर्ण वितळू द्या आणि दोन तळव्यांमध्ये दाबा. बर्फाच्या खड्यांनी आत भोकं पाडलेली असतात, पाणी स्पंजासारखं निघतं आणि टोफू चावायला चांगला चिवट होतो. टेंपे अख्ख्या सोयाबीनला आंबवून करतात. प्रथिनांत तो टोफूच्या पुढे आणि पचायलाही सोपा, फक्त थोडी कडसर चव असते. १० मिनिटं वाफवलं की ती बरीच उतरते.

सोयामुळे पुरुषांच्या हार्मोनवर परिणाम होतो ही भीती अजून ऐकू येते. पुरुषांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला तेव्हा टेस्टोस्टेरॉनमध्ये फरक आढळला नाही. थायरॉइडची गोळी घेणाऱ्यांनी मात्र गोळी आणि सोया यांत काही तासांचं अंतर ठेवावं, कारण सोयामुळे ती नीट शोषली जात नाही.

फणस, अळंबी, ग्लुटेन

कच्चा फणस शिजला की मांसासारखे धागे सुटतात आणि पाहणारा फसतो. शरीर फसत नाही. अळंबीचंही तसंच: तिच्यातल्या ग्लुटामेट या चव वाढवणाऱ्या द्रव्यामुळे रश्श्याला मांसाची खोली येते, सुकवलेल्या अळंबीने तर अधिकच. या दोघांना चवीसाठी जरूर घ्या, पण त्याच भांड्यात मूठभर छोले किंवा चंक्स पडू द्या. आठवड्यातून दोनदा फणसाचा बेत करून 'आम्ही मांसाची जागा भरली' असं मानणाऱ्या घरात वाढत्या मुलांचं नुकसान होतं.

गव्हाच्या पिठाचा गोळा पाण्यात धुऊन उरलेल्या ग्लुटेनचा, म्हणजे सेईतानचा, चावा मांसाच्या सगळ्यात जवळ जातो आणि प्रथिनंही भरपूर असतात. सीलिअ‍ॅक, म्हणजे ग्लुटेन न चालण्याचा आतड्यांचा आजार, असलेल्यांना तो पूर्ण वर्ज्य.

तयार पॅटी आणि सॉसेज

बियॉन्ड आणि इम्पॉसिबल या अमेरिकी कंपन्यांचे वनस्पतिजन्य बर्गर २०१६ साली बाजारात आले. पहिला वाटाण्याच्या प्रथिनांचा. दुसऱ्यात सोयाच्या मुळांत सापडणारं हीम, म्हणजे मांसाला लाल रंग देणारं लोहयुक्त द्रव्य, यीस्टकडून तयार करून घेतात, त्यामुळे मांसाचा रंग आणि वास येतो. अशा एका ११३ ग्रॅमच्या पॅटीत २० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, म्हणजे या बाबतीत मांसाला तोडीस तोड. सोडियम मात्र साधारण ३५० ते ४०० मिलिग्रॅम. दिवसाची मर्यादा २,००० मिलिग्रॅमची आहे, त्यामुळे एक पॅटी चालते. ब्रेड, सॉस आणि चीजसकट दोन पॅटी असतील तर विचार करा.

स्टॅनफर्ड विद्यापीठात झालेल्या आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ३६ जणांनी ८ आठवडे प्राण्यांचं मांस आणि ८ आठवडे बियॉन्डची उत्पादनं खाल्ली. वनस्पतिजन्य आठवड्यांत एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल, कमी आलं. प्रयोग छोटा होता आणि त्याला त्याच कंपनीचा निधी होता, तेवढं लक्षात ठेवून तो वाचावा.

माझं मत असं: तयार पॅटी कशाची जागा घेतेय त्यावर ती चांगली की वाईट हे ठरतं. सॉसेज किंवा बीफ बर्गरच्या जागी आली तर फायदा. घरच्या कडधान्याच्या जागी आली तर तोटा, आणि खिशालाही भार. मायकोप्रोटीन, म्हणजे १९८५ साली ब्रिटनमध्ये विक्रीला आलेलं बुरशीपासूनचं प्रथिन, यात तंतूही मिळतात. पण काही उत्पादनांत बांधणीसाठी अंड्याचा पांढरा बलक असतो, तेव्हा अंडं न खाणाऱ्यांनी पाकीट वाचावं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेल्यांनी वाटाण्याच्या प्रथिनांबाबत आधी डॉक्टरांना विचारावं.

लोह आणि बी-१२: इथे ढिलाई नको

शिजवलेल्या १०० ग्रॅम मसुरात ३ मिलिग्रॅमहून थोडं जास्त लोह असतं, चिकनच्या छातीच्या मांसात जेमतेम १. कागदावर मसूर पुढे. पण मांसातलं हीम लोह वनस्पतीतल्या लोहापेक्षा कितीतरी सहज शोषलं जातं. ही दरी कमी करता येते: जेवताना लिंबू, टोमॅटो, सिमला मिरची असं क जीवनसत्त्व असलेलं काहीतरी घ्या, आणि चहा-कॉफी जेवणाला लागून न घेता तासाभराने घ्या. कडधान्य भिजवल्याने, मोड आणल्याने लोह अडवून धरणारं फायटेटही कमी होतं. मासिक पाळी येणाऱ्या मुलींना आणि बायकांना लोह पुरुषांपेक्षा खूप जास्त लागतं. घरातल्या सगळ्यांचं मांस एकदम कमी होत असेल तर त्यांचं हिमोग्लोबिन तपासून घ्या.

बी-१२ ला वनस्पतीत भरवशाचा पर्याय नाही. स्पिरुलिना या निळ्या-हिरव्या शेवाळातलं बी-१२ सारखं दिसणारं द्रव्य शरीराच्या उपयोगाचं नसतं. प्रौढाला रोज २.४ मायक्रोग्रॅम लागतं. आठवड्यात थोडं मांस किंवा मासे, शिवाय दूध-अंडी चालू असतील तर सहसा अडत नाही. सगळंच बंद करणाऱ्यांनी पूरक गोळी किंवा बी-१२ मिसळलेलं अन्न घ्यायलाच हवं. यकृतात साठा असतो म्हणून पहिली काही वर्षं काहीच जाणवत नाही. हातापायांना मुंग्या येणं, विसरणं हे सुरू होईपर्यंत मज्जातंतूंचं नुकसान झालेलं असू शकतं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांना आणि वय झालेल्यांना हा धोका अधिक.

घरात कोण कोण आहे?

लहान मुलाचं पोट छोटं. तंतूंनी भरलेलं जेवण पटकन पोट भरतं आणि उष्मांक कमी पडतात, म्हणून त्याच्या वाटीत मऊ शिजवलेली डाळ, टोफू, अंडं आणि थोडं तेल-तूप असू द्या. मांस कमी करायला दोन-तीन वर्षांच्या मुलापासून सुरुवात करू नये. वयस्कर माणसांना प्रथिनं तरुणांपेक्षा जास्त लागतात, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम, आणि दात साथ देत नाहीत. त्यांना चिवट चंक्सपेक्षा मऊ टोफू, अंडं, घोटलेली डाळ बरी. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडधान्यांचा मारा करू नये.

उरतो तो एक जण, जो मांसाशिवाय जेवायलाच तयार नसतो. त्याच्यासाठी वेगळं भांडं मांडू नका आणि त्याच्याशी वादही घालू नका. खिम्यापासून सुरुवात करा. तीन भाग खिमा, एक भाग शिजवून पाणी पूर्ण आटवलेला अख्खा मसूर. मसूर ओला राहिला तर खिमा गिजगिजीत होतो, म्हणून तो आधी कढईत कोरडा परतून घ्या आणि खिम्याचं पाणी आटल्यावरच मिसळा. रंग एकसारखा, दाणे एकसारखे, चव खिम्याचीच. काही दिवसांनी प्रमाण निम्मं-निम्मं करा. विचारलं तर काय घातलंय ते सरळ सांगा, आणि कोणाला सोयाची वा कडधान्याची अ‍ॅलर्जी असेल तर विचारायच्या आधीच सांगा.