आरव्हीची लांबी न विचारणारा माणूस

3,425 डॉलर. त्यात 500 अनामत, 2,850 तीन महिन्यांचं भाडं आणि गेट उघडायच्या पासाचे म्हणून वरचे 75. याचे रुपये किती होतात ते इथे लिहीत नाही. सांगलीतल्या बहिणीला अजून काही कळवलेलं नाही. ती वाचेल तेव्हा हिशोब तिचा तिने करावा.

ही रक्कम गेली फ्लोरिडात फोर्ट मायर्सजवळच्या एका आरव्ही पार्कातल्या लॉटपायी. आरव्ही म्हणजे आत राहता येईल अशी घरगाडी, आणि लॉट म्हणजे ती उभी करायची भाड्याची जागा. पार्क खरा, लॉट खरा, फोटोतली पामची झाडंसुद्धा खरी. फक्त ज्याने तो लॉट आम्हाला भाड्याने दिला, त्याचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता.

आम्ही मिशिगनमध्ये राहतो. हे निवृत्त झाल्यावर आम्ही जुनी 31 फुटी आरव्ही घेतली, कारण जानेवारीत ह्यांचे गुडघे जिनासुद्धा चढू देत नाहीत. आमच्याकडून ऊन शोधायला निघायचं म्हणजे आय-75 धरायचा आणि ओहायो, केंटकी, टेनेसी, जॉर्जिया करत फ्लोरिडात उतरायचं. अर्धा मिशिगन आणि कॅनडातला ऑन्टारियो याच रस्त्याने जातो. त्यामुळे मोसमात तिथे जागा मिळणं म्हणजे वशिल्याचंच काम. फ्लोरिडाच्या स्टेट पार्कांत तिथल्या रहिवाशांना 11 महिने आधी बुकिंग करता येतं, आपल्यासारख्या बाहेरच्यांना 10 महिने आधी. म्हणजे आपली पाळी येईपर्यंत समुद्राकाठचं सगळं गेलेलं. खासगी पार्कांनी मला महिन्याला 1,700 ते 2,100 सांगितले, वीज मीटरप्रमाणे वेगळी, कर वेगळा.

आणि मग दिसली 950 ची जाहिरात.

आता लगेच ‘एवढं स्वस्त कसं, हे कळलं नाही का’ असं म्हणू नका. कळलं होतं आणि मी विचारलंही होतं. उत्तर चोख होतं. आम्ही ऑन्टारियोचे, वर्षाच्या कराराने लॉट घेतलेला आहे, पैसे भरून झालेत, पण यंदा अमेरिकेत यायचं नाही असं ठरवलंय, निम्मे तरी सुटावेत. 2025 मध्ये कॅनडातले किती लोक फ्लोरिडाकडे फिरकले नाहीत, हे बातम्यांत रोज होतं. अमेरिकेत 30 दिवस किंवा जास्त राहणाऱ्या कॅनेडियनांनाही नोंदणी करावी लागेल हा नियम त्याच वर्षी 11 एप्रिलपासून लागू झाला, हेही खरं. आमच्याच ओळखीच्या दोन कुटुंबांनी जाणं रद्द केलं होतं. मग याच्यावर विश्वास का ठेवू नये? खोटं बोलणाऱ्याने वर्तमानपत्र वाचलेलं असतं, एवढं लक्षात ठेवा.

माणूस बोलायला गोड. नातवंडांची चौकशी करायचा. ह्यांच्या गुडघ्यांसाठी कुठला पट्टा चांगला, तेही सांगितलं त्याने. करारनामा पाठवला, त्यावर पार्कचा शिक्का, सोबत नकाशा आणि नकाशात लॉट 114 ला लाल गोल. आमचं नाव, पत्ता, फोन, ईमेल, कोण कोण राहणार, कुत्रा आहे का, सगळं विचारलं.

आरव्हीची लांबी मात्र विचारली नाही.

ज्यांनी एकदा तरी आरव्ही पार्कला फोन केलाय त्यांना हे वाचूनच झटका बसेल. तिथे ‘हॅलो’नंतरचा पहिला प्रश्न लांबीचा असतो. मग विजेची जोडणी 30 ॲम्पची की 50 ची, स्लाइड-आउट (गाडीतून बाहेर सरकणारे भाग) किती, गाडी कुठल्या सालची. बऱ्याच पार्कांत दहा वर्षांपेक्षा जुनी गाडी फोटो पाहिल्याशिवाय आत घेत नाहीत, आणि आमची तर चौदा वर्षांची. त्या फोनच्या आधी मी त्याच धास्तीत होते. फोटो धुऊनपुसून तयार ठेवले होते. त्याने विषयच काढला नाही आणि मला वाटलं, सुटलो! ह्यांना म्हणालेसुद्धा, “अहो, लांबी विचारली नाही त्याने.” हे म्हणाले, “अगं, बरंच झालं की. कशाला आपण होऊन सांगायचं?” ज्या गोष्टीने दचकायला हवं होतं त्या गोष्टीने आम्हा दोघांना हायसं वाटलं. आजही रात्री जाग येते ती तिथेच. पण सांगा, अडचणीचा प्रश्न समोरच्याने विचारला नाही, तर कोण त्याला आठवण करून देतं?

दुसरी गोष्ट: तो म्हणाला वीज भाड्यातच, कर नाही. महिन्याच्या बोलीवर राहणाऱ्याला पार्कवाले मीटरच लावतात, आणि फ्लोरिडात सहा महिने किंवा त्याहून कमी मुक्कामावर कर पडतो म्हणजे पडतो. ‘कर नाही’ म्हणणारा एकतर सरकारला फसवतोय किंवा तुम्हाला.

पैसे मागितले बँकेच्या ॲपमधून थेट. कार्ड चालेल का, विचारलं. म्हणाला, आम्ही साधी म्हातारी माणसं, आमच्याकडे कुठलं मशीन. आम्हीही साधी म्हातारी माणसं. पाठवले. क्रेडिट कार्डावर दिले असते, तर बिल आल्यापासून 60 दिवसांत लेखी हरकत घेता आली असती. ॲपमधून गेलेला पैसा गेला.

ओहायोत बर्फ लागला, टेनेसीच्या जेलिको घाटात वारा. जॉर्जियात पोचल्यावर पाणी गोठू नये म्हणून पाइपांत घातलेलं गुलाबी अँटीफ्रीझ धुऊन काढलं आणि आरव्हीत पहिला चहा केला. तो तेवढा चांगला झाला.

पार्कच्या गेटवर अंधार पडता पडता पोचलो. पास येणार होता तो आलाच नव्हता. ऑफिसातली पोरगी कागद बघून म्हणाली, “114 मध्ये इंडियानाचे आजी-आजोबा आहेत, सहा वर्षांपासून. आत्ता क्लबहाउसमध्ये पत्ते खेळताहेत.” वर हेही सांगितलं, की या पार्कात पोटभाड्याने लॉट देताच येत नाही, आणि असा कागद घेऊन येणारे आम्ही या मोसमातले पहिले नाही. मग बाई, तुमच्या वेबसाइटवर एक ओळ टाकायला काय हरकत होती? यावर ती नुसती हसली. मागे दोन गाड्या उभ्या, 31 फूट धूड वळवायला जागा नाही, आणि हे घामाघूम होऊन रिव्हर्स घेताहेत. फ्लोरिडात हायवेवरच्या रेस्ट एरियात तीन तासांवर थांबू देत नाहीत. शेवटी किनाऱ्यापासून आत, आर्केडियाजवळ एका पार्कात जागा मिळाली, 30 ॲम्प, रात्रीचे 68 डॉलर, समुद्र तासाभरावर.

आता साहेबलोक. बँकेत फोन केला. ताटकळत ठेवून विचारलं, “पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत?” हो. “मग ही फसवणूक नाही, हा व्यवहार आहे.” नियम असा, की कुणी तुमच्या परवानगीवाचून पैसे काढले तर बँक बांधील, फसून का होईना, तुम्ही पाठवले तर नाही. मग पैसे ज्या खात्यात गेले ते खातं कुणाचं? ते गोपनीय. चोराचं नाव गोपनीय आणि माझं मात्र चार जणांनी चार वेळा लिहून घेतलं.

तिथल्या शेरीफच्या ऑफिसात गेलो. म्हणाले, पैसे मिशिगनमधून निघाले, तिथे तक्रार करा. आमच्या गावच्या पोलिसांना फोन केला. ते म्हणाले, लॉट फ्लोरिडात, गुन्हा फ्लोरिडात. म्हणजे गुन्हा जॉर्जियात घडला असावा! केंद्र सरकारचा ऑनलाइन तक्रारीचा फॉर्म भरला, त्यात ‘आरोपीचा पत्ता’ असा रकाना. माहीत असता तर फॉर्म कशाला भरला असता, मीच गेले नसते का लाटणं घेऊन? एक नंबर आला आणि त्यानंतर चकार शब्द नाही. ज्या ॲपवर जाहिरात होती त्यांचं उत्तर सर्वांत झकास: जाहिरात आमच्या नियमांत बसते.

तरी तक्रारीचा नंबर घ्याच. बँक पुढे काही ऐकणार असेल, तर तो मागते.

आणि लॉट कुणाकडूनही घ्या, आधी पार्कच्या ऑफिसला फोन करा. जाहिरातीतल्या किंवा करारनाम्यावरच्या नंबरावर नाही. तो नंबर त्याचाच असतो, आमच्या कागदावरचा होता. फ्लोरिडात आरव्ही पार्कांना राज्याच्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो, त्या खात्याच्या काउंटीतल्या (जिल्ह्यातल्या) ऑफिसातून पार्क पडताळून घ्या. ऑफिसला लॉटचा नंबर सांगून विचारा, की तिथे आत्ता कोण आहे. नाव सांगणार नाहीत, पण रिकामा आहे की नाही हे सांगतील. आपल्या मराठी मंडळातल्या कुणाचा मित्र जवळपास असेल, तर त्याला संध्याकाळी चक्कर मारायला लावा. टॅम्पात ह्यांचा मावसभाऊ आहे. उगीच त्रास नको म्हणून आम्ही त्याला सांगितलं नाही. आता तो रोज फोन करून विचारतो, मला का नाही सांगितलं.

परवा तीच जाहिरात पुन्हा दिसली. फोटो तेच, 114 च्या जागी 87, भाडं 925. खाली मी ‘हे खोटं आहे’ असं लिहिलं. ते लगेच गायब झालं आणि मी ब्लॉक. पार्कच्या ऑफिसला फोन करून कळवलं. तीच पोरगी होती. म्हणाली, “87? तिथे तर आमचा पाण्याचा पंप आहे.”