खड्ड्याचं मशीन, आठ महिन्यांनी: इंजिन बरं, क्लिप भिकार

जमिनीत खड्डे पाडणारं साडेदहा हजारांचं मशीन अडतं कशावर, तर दोन रुपयांच्या क्लिपवर. 63 सीसी, टू-स्ट्रोक, एकट्याने धरायचं, सोबत 8 आणि 12 इंची बिट, म्हणजे फिरत जमिनीत शिरणारं स्क्रूसारखं पातं. बाकीचे आकडे सगळीकडे लिहिलेले आहेत, ते परत देत नाही. मे अखेरीस घेतलं, आता जानेवारी संपतोय. दहिसरपासून चेंबूरपर्यंत सोसायट्यांच्या आवारातले झाडांचे खड्डे आणि कर्जतकडच्या एका प्लॉटचं कुंपण, मिळून साडेतीनशेच्या वर खड्डे झाले.

आधी ती क्लिप. गिअरबॉक्समधून 20 मिमीचा दांडा खाली येतो, त्यावर बिटची नळी चढते आणि दोघांच्या आरपार एक पिन जाते. पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला केसांच्या आकड्यासारखी स्प्रिंगची क्लिप. कागदावर ठीक. प्रत्यक्षात हा सांधा फिरता असतो आणि खड्डा दीड फुटाच्या खाली गेला की मातीला टेकतो. गवत, मुळी, प्लास्टिकची पिशवी, काहीही त्या क्लिपला अडकतं आणि ती उडते. पिन सरकते, मशीन वर येतं, बिट खड्ड्यातच. मग फावड्याने आजूबाजूची माती काढून बिट उपसा. ज्या मशीनने फावडं वाचवायचं त्याच्यासाठीच फावडं.

पहिल्या महिन्यात असं पाच वेळा झालं. म्हणून पिन काढून 8 मिमीचा बोल्ट आणि नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला, आपोआप सैल न होणारा) नट लावला. इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. बोल्ट पूर्ण आटे पाडलेला घेऊ नका. आटे त्या भोकाची कड खातात आणि महिन्याभरात भोक लांबट होतं. ज्याचा मधला भाग गुळगुळीत आहे असा बोल्ट घ्या, 8.8 शिक्क्याचा (म्हणजे मजबूत पोलादाचा), नागदेवी स्ट्रीटला कुठेही मिळतो. दुसरं, नट करकचून आवळू नका, नळी चेपते आणि दांड्यावर अडकून बसते.

ऑगस्टपर्यंत माझं मत हेच होतं: बोल्ट लावा आणि विषय संपवा. आता नाही. बिट बदलायचं म्हटलं की दोन 13 नंबरचे पाने, चिखलाचे हात, आणि नट गवतात पडला की शोधाशोध. कुंपणाच्या कामात एक्स्टेन्शन रॉड (बिट लांब करायचा जोडदांडा) दिवसातून दहा वेळा लागतो आणि निघतो, तिथे बोल्ट म्हणजे डोक्याला ताप. शेवटी परत पिन लावली. क्लिपवरून सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद रिंग चढवते. ट्यूब क्लिप झाकते, काही अडकत नाही, फुकट आहे. हे कंपनीला सुचायला हवं होतं. जादा क्लिप मागितल्या तर दुकानदार म्हणतो, सुट्या येत नाहीत, अख्खा पिनसेट घ्या, दीडशे रुपये. ट्यूबच चालू आहे.

नळीच्या आतून दर आठवड्याला ग्रीसचं बोट फिरवा. पावसात दोन आठवडे विसरलात की गंजाने बिट दांड्याला असं धरतं की हातोडीशिवाय निघत नाही, आणि त्या हातोडीचा मार थेट गिअरबॉक्सच्या बेअरिंगला बसतो.

आता घेताना काय बघायचं ते. सगळे सीसी विचारतात, बिटचा व्यास कुणी विचारत नाही. 12 इंची बिट 8 इंचीच्या सव्वादोनपट माती उपसतं. दोन फुटी खड्ड्याचा हिशोब केला तर 8 इंचीची माती पाण्याच्या 20 लिटरच्या जारमध्ये मावेल, 12 इंचीला तसे सव्वादोन जार लागतील. ओल्या, मऊ मातीत 63 सीसी 12 इंच ओढतं. मुरमात नाही ओढत. क्लच घसरतो, वास येतो, आणि धरणाऱ्याच्या मनगटाचं जे व्हायचं ते होतं. पिशवीतल्या रोपाला 8 इंच पुरतं. मोठं रोप असेल तर 8 इंचीचे तीन खड्डे एकमेकांना लागून पाडा आणि मधला भाग पहारीने पाडा, 12 इंचीपेक्षा लवकर होतं. कुंपणाच्या लोखंडी खांबाला 4 किंवा 6 इंच. म्हणून 52 सीसी घ्यायचं की 63 या वादात फार पडू नका. बिट लावून मशीन 14-15 किलोच्या घरात जातं, आणि दिवसाला तीस खड्डे काढायचे तर शेवटच्या दहांत वजनच जाणवतं.

मुंबईची माती हा वेगळाच कारभार. गोरेगाव-आरेच्या बाजूला लाल मुरूम, त्याखाली काळा पत्थर. फूटभर छान जातं, मग बिट नुसतं गरगरतं. तिथे जोर लावायचा नाही, दाबल्याने दगड कापला जात नाही, दात मात्र बोथट होतात. आदल्या संध्याकाळी जागेवर दोन बादल्या पाणी सोडा, सकाळी मुरूम अर्धा ऐकतो. दादर-माहीम, जुहूच्या वाळूत खड्डा दोन मिनिटांत पडतो आणि तेवढ्याच वेळात ढासळतो. रोप आणि खत हाताशी ठेवूनच सुरुवात करा. मालाड-कांदिवलीच्या खाजणावर उभ्या सोसायट्यांत चिकट काळी माती असते. पावसात ती बिटला लाडूसारखी चिकटते, आणि खड्ड्याच्या भिंती तव्यासारख्या गुळगुळीत होतात. त्या भिंतीतून पाणी मुरत नाही, मुळंही पुढे जात नाहीत, रोप कुंडीत लावल्यासारखं आतच गोल फिरतं. खड्डा झाला की कोयत्याने किंवा पहारीने भिंती उभ्या ओरबाडा. यंत्राने केलेल्या वृक्षारोपणातली बरीच रोपं दुसऱ्या पावसाळ्यात का खुरटतात याचं एक कारण हे, आणि फोटो काढून गेलेल्यांना ते दिसत नाही.

सगळ्यात वाईट म्हणजे भराव. जुनी इमारत पाडून उभ्या राहिलेल्या सोसायटीच्या आवारात विटा, लाद्या, काँक्रीटची डबर, मध्येच सळईचा तुकडा. बिट सळईत अडकलं की बिट थांबतं आणि मशीन फिरतं, हँडलसकट, धरणाऱ्यासकट. म्हणून थ्रॉटल (रेसचा खटका) अडकवून ठेवायचं जे बटण दिलंय ते खड्डा काढताना कधीही वापरू नका. बोट सुटलं की इंजिन उतरलं पाहिजे. भरावात आधी पहार ठोकून बघा. आणि आवारात कुठेही सुरू करण्याआधी गॅसची पाइपलाइन, विजेची केबल, पाण्याची लाइन कुठून जाते ते सोसायटीच्या ऑफिसातून नक्की करून घ्या. वॉचमनच्या आठवणीवर जाऊ नका.

अडकलेलं बिट काढायची रीत: इंजिन बंद. वर खेचू नका. पूर्ण मशीन हँडलला धरून घड्याळाच्या उलट दिशेने अर्धा-एक वेढा फिरवा, मोकळं होतं. मुळात अडकू नये म्हणून वीतभर खाली गेलं की फिरतं ठेवूनच वर घ्या, माती झटकू द्या, परत सोडा. एका दमात दोन फूट गेलात तर वरची सगळी माती पंखांवर बसते.

व्हिडिओंना फसू नका हेही सांगून ठेवते. बरेच व्हिडिओ थंड देशांतले आहेत, गोठलेल्या तळ्यावर मासे पकडायला भोक पाडणारे. इंजिन असंच दिसतं, पण बर्फाच्या बिटला खाली वस्तऱ्यासारखी पाती असतात, ती बर्फ तासतात. त्यांना जरा वाळू लागली तरी धार जाते. आपल्या बिटला मधे टोक आणि बाजूला दात, ते माती फोडतं. तिकडे लोण्यासारखं जातं म्हणून आरेत जाईल असं नाही.

आता बिघाडाचं. सप्टेंबरअखेर मशीन टाकीत पेट्रोल ठेवून उभं केलं, नोव्हेंबरात दोरी ओढून ओढून खांदा गेला, चालू होईना. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि मुंबईत जून ते सप्टेंबर हवेत पाण्याला तोटा नाही. पाणी पुरेसं जमलं की ते इथेनॉलला घेऊन टाकीच्या तळाशी बसतं, ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. ओढणारी नळी तळाशी. म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनला जे ऑइल हवं तेच मिळत नाही. शिवाय कार्बोरेटरमधला रबरी डायफ्राम (पेट्रोल ओढणारा पातळ पडदा) कडक होतो.

सर्व्हिसवाल्याने न उघडता निकाल दिला: कार्बोरेटर गेला, नवा घाला, वॉरंटीत बसत नाही. बारीक अक्षरात खरंच तसं लिहिलेलं निघालं; कार्बोरेटर, प्लग, दोरी, तिन्ही वगळलेले. मग राहिलं काय वॉरंटीत, रंग?

घरी तपासायचा क्रम असा. प्लग काढून कॅपमध्ये लावा, बाहेरचं अंग इंजिनच्या धातूला टेकवा, प्लगचं भोक फडक्याने झाका, दोरी ओढा. ठिणगी दिसली तर वीज ठीक. पाच-सहा ओढण्यांनंतर प्लग ओला असेल तर पेट्रोल जास्त झालंय. चोक उघडा, प्लग पुसा, इंजिन उलटं धरून चार वेळा ओढा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाही. प्रायमरचा फुगा (हाताने दाबून कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ओढायचा) दाबून बघा. फुगा भरतच नसेल तर टाकीतला फिल्टर तुंबलाय किंवा नळी तडकलीय. फुगा भरतो आणि तरी प्लग कोरडा, तर कार्बोरेटरच्या आतली जाळी किंवा डायफ्राम. इथे तेच निघालं. डायफ्राम-गॅस्केटचा किट नव्या कार्बोरेटरच्या चौथ्या हिश्शात आला, बसवायला अर्धा तास. उघडताना गॅस्केट आणि डायफ्राम कुठल्या क्रमाने होते त्याचा फोटो काढा, उलटे बसले तर मशीन चालू होतं आणि रेस घेत नाही.

तेव्हापासूनचा नेम: एक लिटर पेट्रोलला 40 मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल, आणि लागेल तेवढंच मिसळायचं. दोन आठवड्यांपेक्षा जुनं मिश्रण या मशीनमध्ये घालायचं नाही. काम संपलं की टाकी रिकामी, मग इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं. सोबत येणाऱ्या बाटलीवरच्या खुणांवर विश्वास नाही. औषधाच्या मापाने ऑइल मोजा. ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाईल, जास्त झालं तर फक्त धूर आणि काळा प्लग, त्यामुळे चुकायचंच तर जास्तीकडे चुका.

बाकी देखभाल थोडकी. प्लगची फट 0.6 ते 0.7 मिमी. एअर फिल्टरचा स्पंज मुरमात दर दिवशी साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण वाळवून लावा. गिअरबॉक्समध्ये दर वीस-पंचवीस तासांनी लिथियम ग्रीस. आयडलला, म्हणजे रेस न देता, बिट फिरता कामा नये. फिरत असेल तर आयडलचा स्क्रू कमी करा, तरीही फिरलं तर क्लचची स्प्रिंग तुटली आहे. दोरी पूर्ण लांबीने ओढू नका आणि सोडून देऊ नका, हाताने परत जाऊ द्या. दात साधारण दीडशे खड्ड्यांनी बदलले, बोल्टवाले आहेत हे बरं. वेल्ड केलेले दात असलेलं बिट स्वस्त मिळतं, ते घेऊ नका.

नेण्या-आणण्याचं: लोकलमध्ये पेट्रोल नेता येत नाही, आणि टाकी रिकामी केली तरी मशीनला वास राहतो. टेम्पो किंवा रिक्षा धरूनच खर्च मांडा. वर्षाला पन्नासच्या आत खड्डे असतील तर पहार-फावड्यावर दोन माणसं लावणं स्वस्त पडेल.

12 इंची बिट दोनदा वापरून शेडमध्ये टांगलंय. त्याची क्लिप काढून 8 इंचीला लावली आहे, ट्यूबच्या रिंगखाली.