गणपतीच्या निरांजनात जो कापूस वितळला, तोच मी ओढत होतो

१४३ पौंड ४५ पेन्स. व्हेपच्या, म्हणजे रस तापवून त्याची वाफ ओढायच्या इलेक्ट्रॉनिक सिगरेटच्या, नकली सामानात एवढे गेले. आकडा आधीच लिहून टाकतो, कारण जिथे जिथे तक्रार केली तिथे पहिला प्रश्न हाच होता, आणि आकडा ऐकला की समोरच्याचा आवाज बदलायचा. जणू दीडशे पौंडांच्या आतली चोरी ही चोरीच नसते.

हिशोब असा. रीबिल्डेबल टँक (रसाची टाकी, जिच्यात तापणारी तारेची गुंडाळी, म्हणजे कॉइल, आपणच वळून बसवतो), "ओरिजिनल" म्हणून, ८९ पौंड. कॉइलसाठी कांथल या लोखंडी मिश्रधातूच्या तारेची १० रिळं, २६ गेज जाडीची, ३८ पौंड ५० पेन्स. कॉइलमधल्या, रस शोषणाऱ्या वातीसाठी "ऑरगॅनिक जपानी कॉटन"ची १० पाकिटं २७ पौंड ५० पेन्स. झाले १५५. कार्डाऐवजी थेट बँक ट्रान्सफर केलं तर १० टक्के सूट, म्हणून १३९ पौंड ५० पेन्स. त्यावर टपालखर्च ३ पौंड ९५ पेन्स. साडेपंधरा पौंड वाचवायला गेलो आणि पैसे परत मिळण्याची एकमेव सोपी वाट स्वतःच्या हाताने बंद केली. कार्डाने दिले असते तर बँकेला निदान चार्जबॅक, म्हणजे विक्रेत्याकडून पैसे परत, मागता आलं असतं.

मी नवखा नाही, हे मुद्दाम सांगतो. इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये नऊ वर्षं राहतो, सिगरेट सुटून चार वर्षं झाली, आणि ती चारही वर्षं स्वतःच्या कॉइल स्वतः वळतोय. १ जून २०२५ पासून इथे डिस्पोजेबल व्हेपवर बंदी आली, आमच्या भागातलं जे दुकान तार आणि कापूस सुटा विकायचं ते बंद पडलं, आणि मी ऑनलाइन शोधायला लागलो. दुकानाचं पान नीटनेटकं होतं. पत्ता याच देशातला होता. रिळांच्या फोटोत एका रिळावरचं लेबल जरा तिरकं चिकटलेलं होतं, तेही मला खरेपणाचंच लक्षण वाटलं. कोणीही फसलं असतं, असं मी अजूनही म्हणतो.

पण त्यानंतर जे झालं त्याला माझ्याकडे सबब नाही.

पार्सल २ ऑगस्टला, शनिवारी आलं. त्याच संध्याकाळी पहिली कॉइल वळली: ३ मिलिमीटरच्या दांडीवर सहा वेढे, एकच कॉइल. २६ गेज कांथलची अशी कॉइल पायांसकट सव्वासात ते साडेसात सेंटिमीटर तार खाते आणि तिचा रोध ०.८ ओहमच्या आसपास भरतो. हे मला पाठ आहे. मॉडवर (व्हेपचा बॅटरीचा भाग, रोधही तोच मोजतो) आकडा आला ०.४४.

निम्मा! वेढे मोजले, सहाच होते. स्क्रू सैल करून पुन्हा आवळले. ०.४४. आणि मग मी काय ठरवलं? मॉडचं मीटर जुनं झालंय. चार वर्षं ज्या मीटरने एकदाही दगा दिला नाही त्याला खोटं ठरवलं आणि एका अनोळखी दुकानाच्या लेबलला खरं मानलं. तापल्यावर आकडा ०.४४ वरून वर सरकत होता, तेही दिसत होतं. कांथलचा रोध तापल्यावर जवळजवळ हलत नाही, स्टेनलेसचा वाढतो. म्हणजे तार स्वतः सांगत होती की मी स्टेनलेस आहे. कुठल्या प्रतीचं, कशासाठी काढलेलं, देव जाणे. एसएस ३१६ एल या प्रतीच्या स्टेनलेसची कॉइल लोक वापरतात आणि त्यात काही वावगं नाही, पण ते ३१६ एल आहे हे कोणीतरी सांगावं लागतं. इथे लेबलावरचा धातूच खोटा होता.

फ्रिजवर चुंबक होता. दोन पावलांवर. कांथल चुंबकाला लख्ख चिकटतं, निक्रोम (निकेल-क्रोमियमची तार) चिकटत नाही, ३१६ एल चिकटलंच तर नावापुरतं. निकेलही चिकटतं, पण त्याचा रोध इतका कमी असतो की मीटरवर लगेच उघडं पडतं. (निकेल आणि टायटॅनियम कोरडं लालबुंद कधीही करू नका, त्या तारा फक्त टेम्परेचर कंट्रोलसाठी, म्हणजे मॉड स्वतः तापमान आवरतं तेव्हाच.) रीळ हातात आलं की आधी एक मीटर तार सरळ मोजा आणि मल्टिमीटर लावा. २६ गेज कांथल साधारण ११ ओहम, निक्रोम ८० साडेआठच्या आसपास, ३१६ एल सहाच्या जरा खाली. पाच मिनिटांचं काम आहे आणि मी ते केलं नाही.

कापसाचं तर लिहितानाही हात जड होतो. मी यवतमाळचा. घरात कापूस वेचलेला आहे, वडील बोंडातला कापूस चिमटीत ओढून धागा किती लांब ते सांगायचे. आणि मला कापूस ओळखता आला नाही. पहिल्या झुरक्यालाच जळक्या प्लास्टिकसारखी चव आली, घसा चरचरला. मला वाटलं वात घट्ट बसली असेल, रस पोचत नसेल. म्हणून कापूस कमी केला, टोकं विंचरून पातळ केली, खाचेत नुसती टेकवली. वात ओढताना कॉइल किंचित हलावी पण वाकू नये, हे सगळं मी लोकांना शिकवतो. तीन आठवडे मी माझ्याच हाताला दोष देत राहिलो आणि ओढत राहिलो.

आई जुलैपासून आमच्याकडे आली होती. २७ ऑगस्टला गणपती बसले. संध्याकाळच्या आरतीला तिच्या फुलवाती संपल्या म्हणून तिने माझ्या टेबलावरचं पाकीट उघडलं आणि त्यातल्या कापसाच्या वाती केल्या. निरांजन लावलं आणि दोन मिनिटांत ज्योतीतून काळा धूर. वात जळून राख होण्याऐवजी आकसली, तुपात टणक काळा मणी होऊन बसली. आई म्हणाली, "काहून रे बाबू, हा कसला कापूस आणला? वात गोळा होऊन राहिली, पाय."

मी म्हणालो, "आई, तो देवाचा नाही, मशीनचा कापूस आहे. वेगळा असतो."

मशीन म्हणालो, कारण तिला व्हेपचं सांगितलेलं नव्हतं. आपल्याकडे २०१९ च्या कायद्याने या वस्तूची आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे, तिला ते ऐकून धसका बसला असता. तर ते लपवण्याच्या घाईत मी ती वात नीट पाहिलीसुद्धा नाही. खरा कापूस जळताना कागदासारखा वास देतो आणि मागे मऊ करडी राख राहते. वितळून मणी होतो तो पॉलिएस्टरसारखा कृत्रिम धागा. ही परीक्षा तिने माझ्यासमोर देवापुढे करून दाखवली होती, आणि त्या दिवशी पार्सल येऊन फक्त २५ दिवस झाले होते. इथल्या २०१५ च्या ग्राहक कायद्यानुसार सदोष माल परत करून पूर्ण पैसे मागायला ३० दिवस असतात. पाच दिवस हातात होते. पाच!

डोळे उघडले ते ९ सप्टेंबरला, तेही दुसऱ्यामुळे. एक रीळ मी नॉटिंगहॅमच्या मित्राला दिलं होतं. त्याच्याकडे मेकॅनिकल मॉड आहे, आत चिप नाही, काही अडवणारं नाही. त्याने दोन कॉइल वळल्या, पण मॉडवर चढवण्याआधी मीटरवर लावल्या आणि मला फोन केला: "हे कांथल नाही. ०.२२ दाखवतंय." दोन कॉइल जोडल्या की रोध निम्मा होतो, तरी दोन खऱ्या कांथल कॉइल मिळून ०.४१ च्या आसपास आल्या असत्या. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा, म्हणजे १० अँपिअर. ०.२२ ला १९ अँपिअर, आणि त्याच्या सेलला झेपतात १५ अँपिअर. त्याने लेबलावर विश्वास ठेवला असता तर? मी दिलेल्या रिळामुळे. त्या रात्री झोप लागली नाही. मेकॅनिकल मॉडवाल्यांनो, दुसऱ्याने वळलेली किंवा दिलेली काहीही वस्तू न मोजता चढवू नका, भावाने दिली तरी.

फोन ठेवला आणि चुंबक लावला. एकही रीळ हललं नाही. चिमट्यात कापूस धरून गॅसवर नेला. दहा पाकिटं, दहा मणी. टँकचा अनुक्रमांक कारखान्याच्या साइटवर टाकला तर आधीच दुसऱ्या कोणी नोंदवलेला निघाला. नक्कल.

दुकानदाराला १० सप्टेंबरला लिहिलं. उत्तर एका ओळीचं: ३० दिवस उलटून गेलेत. दुसऱ्या पत्राला उत्तर नाही. पत्त्यावर गेलो तर ती टपालपेट्या भाड्याने देणारी जागा.

बँक. ७ ऑक्टोबर २०२४ पासून इथे नियम आहे की फसवून ट्रान्सफर करायला लावलं तर बँकेने भरपाई द्यायची, ८५ हजार पौंडांपर्यंत. पण मला उत्तर मिळालं, "माल पोचला ना? मग हा खरेदीदार आणि विक्रेत्यातला वाद आहे." माल पोचला! लेबलं पोचली, माल कुठे पोचला? वर बँकेतल्या ताईंनी हेही सांगितलं की दावा मान्य झाला तरी १०० पौंडांपर्यंत रक्कम बँक कापून घेऊ शकते. म्हणजे माझ्या हाती ४३ पौंड ४५ पेन्स.

ग्राहक हेल्पलाइनवर ४० मिनिटं संगीत ऐकलं. बाई सौजन्याने बोलल्या, म्हणाल्या ३० दिवसांनंतरही दुरुस्ती किंवा बदली मागता येते, विक्रेत्याला पत्र लिहा. कुठे लिहू, टपालपेटीत? त्यांनी तक्रार कौन्सिलच्या खात्याकडे पाठवली. तिथून उत्तर, वैयक्तिक प्रकरणं हाताळत नाही, माहिती नोंदवून ठेवली आहे. फसवणूक नोंदवायच्या पोलिसांच्या लाइनवर क्रमांक मिळाला आणि तीन आठवड्यांनी पत्र, तपासाला पुरेसा धागा नाही. बँक खात्याचा क्रमांक दिला होता मी! नाव, तारीख, रक्कम, सगळं! अजून कसला धागा हवा?

मी विचारलं, निदान एक पाकीट घेऊन तपासा, लोक हे फुप्फुसात ओढतायत. टँक २ मिलिलीटरपेक्षा मोठा नको, बाटली १० मिलिलीटरपेक्षा मोठी नको, निकोटीन मिलिलीटरला २० मिलिग्रॅमच्या वर नको, हे सगळे नियम आहेत. तार आणि कापसात निकोटीन नाही, म्हणून ते या नियमांखालच्या नोंदणीत येत नाहीत, असं मला सांगण्यात आलं. चार कार्यालयं, चार संदर्भ क्रमांक, आणि एकानेही पाकीट हातात घेतलं नाही. ती दहाही पाकिटं आणि रिळं माझ्याकडे खोक्यात बंद आहेत, कोणी मागितलं तर आजही देईन.

भारतातल्या वाचकांना वेगळं सांगायला नको, तिथे ही विक्रीच बेकायदा, फसलात तर तक्रार कुठे करणार?

काल रात्री पुन्हा शोधलं. जुनं पान गेलंय. दुसऱ्या नावाचं दुकान आहे, तोच टँक, तोच ८९ पौंडांचा भाव, बँक ट्रान्सफरला १० टक्के सूट. रिळांचा फोटोही तोच, एका रिळावरचं लेबल तिरकं चिकटलेलं.