एक्सस्पेक: इंजिन उत्तम, डिफॉल्ट घातक

हीसॉफ्ट या नासाच्या सॉफ्टवेअर-संचासोबत फुकट मिळणारं एक्सस्पेक, म्हणजे क्ष-किरण वर्णपटांवर मॉडेल बसवणारा प्रोग्रॅम, कोवळ्या अतिनवतारा-अवशेषांवर (स्फोट झालेल्या ताऱ्यांच्या उरलेल्या वायूवर) कसं चालतं, हे पारखायला एसएन 1987ए हा अवशेष सर्वांत सोयीचा. 1987 चा स्फोट, त्यामुळे वय पक्कं ठाऊक.

स्फोटाची धक्कालहर भोवतालच्या कड्यातला वायू तापवते, पण आयनीभवन (अणूंचे इलेक्ट्रॉन सुटणं) मागे रेंगाळतं. आयनीभवनाचा समतोल धरून चालणारं एपेक हे मॉडेल इथे पुरत नाही. टीबीएबीएस (वाटेतल्या वायूचं शोषण) गुणिले दोन व्हीपीशॉक (धक्क्याने तापलेला, समतोलात न पोचलेला वायू; एकाचं तापमान 0.5 केईव्ही, म्हणजे किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपास, दुसऱ्याचं 2-3) ही जोडी खात्रीची. एनईआयव्हर्स, म्हणजे असमतोल मॉडेलांची आवृत्ती, 3 किंवा पुढचीच लावा.

पहिला खड्डा विपुलतेच्या (मूलद्रव्यांच्या प्रमाणाच्या) तक्त्याचा. काही न सांगितल्यास 'अँगर' हा तक्ता चालू असतो: हायड्रोजनच्या एका अणूमागे ऑक्सिजन 8.51×10⁻⁴. 'विल्म' या दुसऱ्या तक्त्यात तो 4.90×10⁻⁴. म्हणजे तोच प्लाझ्मा विल्मच्या मापाने 1.7 पट ऑक्सिजनचा दिसतो. टीबीएबीएस वापरताय तर 'अबंड विल्म' ही आज्ञा आधी टाका.

दुसरा खड्डा टाऊचा, म्हणजे घनता गुणिले काळ. फिट (मॉडेल जुळवणी) वरच्या मर्यादेला, 5×10¹³ सेकंद प्रति घनसेंमीला, चिकटून बसतो आणि लोक तो आकडा तसाच छापतात. प्रति घनसेंमी 10⁴ घनतेने भागा: जवळपास 158 वर्षं! अवशेष चाळिशीचाही नाही. 10¹² च्या पुढे बहुतेक आयन समतोलात पोचलेले असतात, वर्णपटाला पुढचा फरक कळत नाही; तेव्हा फक्त खालची मर्यादा द्या. अनिश्चितता काढणारी एरर आज्ञा इथे अडखळते. तापमान आणि टाऊ यांच्या किमतींची जाळी स्टेपपार आज्ञेने तपासा, टाऊ लॉगमध्ये.

वर्षावर्षांचे वर्णपट एकत्र बसवताना शोषण नि विपुलता सर्व वर्षांसाठी एकच बांधून ठेवा. तापमान, टाऊ, नॉर्म (एकूण तेजाचं माप) मोकळे. टाऊ दरवर्षी वाढलाच पाहिजे असं नाही, नवा वायू सतत लहरीत सापडतो. चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीच्या एसिस कॅमेऱ्यावर साचत जाणाऱ्या थरामुळे मृदू (कमी ऊर्जेचे) क्ष-किरण घटतात. जुनं कॅलिब्रेशन वापरलं तर शोषण वाढल्याचा भास होतो.

एक्सएमएम-न्यूटन दुर्बिणीच्या आरजीएस वर्णपटमापकात रेषा रुंद दिसतात, त्यासाठी रेषा पसरवणारं जीस्मूथ, घातांक 1. सिग्मा, म्हणजे रेषेची रुंदी, 6 केईव्हीला मोजतात: 0.02 केईव्ही म्हणजे सेकंदाला 1000 किमी.

सीस्टॅट (कमी फोटॉन असताना जुळणी मोजायची सांख्यिकी) वापरताना पार्श्वभूमीच्या प्रत्येक खान्यात निदान एक फोटॉन हवा, नाहीतर निकाल कलतो, आणि प्रोग्रॅम त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. माझ्या गुणांकनातला एक तारा तिथेच कापला.